चार वाजताचा नाला

कागद माह्या हातात देऊन बबिता म्हने, "फूफा, हे पाहा. एक तरी चूक काहाडून दाखवा."

मी चष्मा नाकावर चढवला. एप्रिल महिना, दिवसाचे अकरा, पत्र्याखाली बसवत नव्हतं, अन् या पोट्टीच्या कागदावर जिकडं पाहा तिकडं बर्फ. सगळी लेहच्या रस्त्यावरची नावं. केलांग. दारचा. बारालाचा खिंड. सरचू. कोन्या दिवशी किती किलोमीटर, मुक्काम कोठी, सायकलवर वजन किती, मोज्याचे जोड किती, सगळं लिहिलेलं. मी मनात म्हनलं, वा रे वा, आमच्या तांड्यातल्या पोरीनं काय कागद बनवला! अन् मंग तिसऱ्या दिवसाच्या ओळीवर आलो. तिथं लिहिलं होतं, 'मोठा नाला दुपारी चार वाजता ओलांडाचा. बबिता काठी घेऊन पुढं, अर्पिता सायकली घेऊन मांगं.'

 कागद माह्या हातात फडफड कराले लागला.

"हवा सुटली वाटते," बबिता म्हने.

लिंबाचं पानबी हालत नव्हतं. मी म्हनलं, "हाव, सुटली."

मी खेमसिंग. फुलसावंगीच्या मांगं आमचा तांडा आहे. आमचे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडत. मी ट्रकवर माल लादून हिंडलो, एवढाच फरक. आता गुडघे गेले, डोळे गेले, तोंड तेवढं राह्यलं. माही बायको रुपी तीन वर्षांआदी गेली. बबिता रुपीच्या भावाची पोरगी, म्हनून मले फूफा म्हनते. पोस्टात डाकसेविका आहे. सायकलले बॅग अडकवून रोज पाच गावं फिरते. पावसाळ्यात नाल्याले पूर असला तं बॅग डोक्यावर घेते, काठीनं पानी चाचपते अन् जाते निघून पल्याड. भेव नावाची चीज देवानं तिले देल्लीच नाई. तिची मैत्रीन अर्पिता फुलसावंगीच्या भगवानरावची पोरगी. घरी बसून पुन्याच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते.

या दोघीईनं ठरवलं होतं का मे महिन्यात, बर्फ कापून खिंडीतला रस्ता उघडला रे उघडला का सायकलनं तिकडं जाचं. अर्पितेले बर्फाच्या भिंतीमंधून सायकल चालवाची होती. पुढं त्या भिंती वितळून जातात म्हने. बबितेचं कारन वेगळं होतं. तिचा बाप धावजी त्याच रस्त्यावर मेला. एकोनीस वर्षं झाली. मे महिन्याची चौदा तारीख. तिले त्या तारखेले त्या मुलखात उभं राहाचं होतं.

अन् त्या दिवशी धावजीसंगं कोन होतं? मीच. आख्ख्या तांड्यात तो रस्ता पाह्यलेला मानूस एकच. म्हनून कागद माह्याकडं आला.

तुमाले खरं सांगतो. बबितेले सांगाची हिंमत तवा नव्हती, पन तुमाले सांगतो.

धावजी अन् मी एकाच गाडीचे ड्रायव्हर. चंदीगडवरून लेहले रेशनचा माल घेऊन चाललतो. आळीपाळीनं चालवू. त्या नाल्याले नाव आहे, पन मी ते घेत नाई. पोचलो तं सकाळचे सहा. वरतून भुरभुर बर्फ पडून राह्यलता, आभाळ गच्च भरलेलं. पुढच्या गाड्या एकामांगं एक नाला ओलांडून चालल्या होत्या. एका पहाडी ड्रायव्हरनं काच खाली केली अन् म्हने, "अभी निकल लो भाई, बाद में नहीं होगा." मी हासलो. म्हनलं, याले काय समजते! आपल्याकडं आभाळ भरलं का नाला येते, आभाळ फाकलं का उतरते. जलमभर तेच पाह्यलेलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या लेकराले इचारा, तेबी हेच सांगन. मी धावजीले म्हनलं, "ऊन पडू दे. पानी उतरलं का जाऊ."

तो म्हने, "सगळे चालले ना."

मी म्हनलं, "सगळे येडे आहेत."

दुपारी ऊन पडलं, लख्ख. अन् पानी वाढाले लागलं. त्या मुलखात नाल्याले पानी पाऊस देत नाई बाप्पा, ऊन देते. डोंगरभर बर्फ साचलेला. दिवसभर तो वितळते अन् दुपारून सगळं पानी एकदम खाली येते. रातभर थिजते, पहाटे नाला बारीक होते. हे मले नंतर समजलं. तवा मी नाल्याच्या काठी बसून डोस्कं खाजवत होतो का एवढं ऊन असून पानी काहून वाढून राह्यलं. चार वाजले. म्हनलं, आता नाई गेलो तं अंधार होईन.

आपल्याकडची रीत तुमाले माहीत आहे. गाडी पान्यात घालाच्या आदी एकजन काठी घेऊन पुढं उतरते, खोली पाहते, मांगून गाडी. ज्याची चालवाची पाळी तो स्टेअरिंगवर, दुसरा पान्यात. त्या दुपारी चालवाची पाळी धावजीची होती. पान्यात उतराची पाळी माही होती. मले थंडी वाजून राह्यलती. मी म्हनलं, "सरक, स्टेअरिंग मी घेतो, तू पाह्य." धावजी माह्याकडं जराक पाहून हासला, पँट वर खोसली अन् उतरला.

पानी मांडीलेच होतं. पन खालून दगड वाहत येत होते, टरबुजाएवढे. एका दगडानं त्याचा पाय उचलला. तो पडला, उठला, पुन्हा पडला. माह्याकडं पाहून ओरडला. मी दार उघडलं, एक पाय पायरीवर ठेवला अन् मले भेव वाटलं. एवढंच झालं. मले भेव वाटलं अन् मी पाय वर घेतला.

तीन तासानं मिलिटरीच्या मानसाईनं त्याले अर्धा किलोमीटर खाली काहाडला. तिकडंच जाळला. मी राख घेऊन आलो.

नंदाबाई, धावजीची बायको, दारात उभी होती. बबिता चार वर्षांची, तिचा पदर धरून. मी म्हनलं, "उंचावर हवा विरळ असते. रातच्याला गाडीत झोपला, सकाळी उठलाच नाई." नंदाबाईनं एकच इचारलं, "त्याईले तरास झाला का?" मी म्हनलं, "काहीच समजलं नाई त्याले." मरनाच्या दाखल्यावर कारन लिहत नाईत, म्हनून कोनाले काही कळलं नाई. रुपी तं त्याची सख्खी बहीन, तिलेबी मी तेच सांगतलं. ती तेच खरं धरून मेली. नंदाबाई त्या एका बोलावर आजपर्यंत जगून राह्यली. कोनाच्या घरी मयत झाली का जाऊन म्हनते, "बबितेचे बापू झोपेत गेले, देवानं आमच्यावर तेवढी दया केली."

एक लबाडी केली तं गप राहावं का नाई? पन माहं तोंड! तांड्यातली लेकरं इचारत, खेमसिंगबाबा, तो मोठा नाला कसा ओलांडला? मी चढवून सांगे. दुपारचे चार वाजलते, ऊन कसं लख्ख, धावजीनं गाडी अशी घातली का काय सांगू, गानं म्हनत पल्याड गेला अन् मंग रातच्याला झोपला. कायले सांगे? मले त्या चार वाजताचं तोंड पाहावत नव्हतं, म्हनून मी त्याले नवे कपडे घालून देल्ले. बबिता सगळ्यात पुढं बसून ऐके. सांगून सांगून मलेच ते खरं वाटाले लागलतं.

तेच चार वाजता आता कागदावर होते.

मी कागद गुडघ्यावर दाबून धरला, म्हनजे हालू नये. म्हनलं, "पोरी, सगळं बेस आहे. फक्त नाला सकाळी ओलांडा. सहा वाजता."

"काहून? तुमी तं चार वाजता ओलांडलता."

"तवाची गोष्ट वेगळी."

अर्पिता दारातच सायकल लावून आली होती. तिनं मोबाईल काहाडला. "काका, नेटवरबी काहीजन सकाळीच ओलांडा म्हनतात. पन ते जुलै-ऑगस्टचं आहे. मेमंधी बर्फ एवढा वितळत नसन. अन् सकाळी रस्त्यावर बर्फाची काच जमते, त्याच्यावरून सायकल घसरते. म्हनून आमी ऊन पडल्यावरच निघनार. दुपारी जराक आराम, मंग नाला. तुमी तं मेमंधीच गेलते ना? सोता गेलेल्या मानसाचा भरोसा जास्त."

"अन् बापूनं ज्या येळेले ओलांडला त्याच येळेले मी ओलांडीन," बबिता म्हने. "आभाळ साफ असलं, पाऊस नसला, तं नाला काय खाते का मानसाले?"

हे शहानपन माहंच. एकोनीस वर्षांआदीचं.  मले वाटलं, आत्ता सांगून टाकावं. तेवढ्यात नंदाबाई ताकाचा गिलास घेऊन आली अन् म्हने, "प्या शामचे बापू, चेहरा उतरला तुमचा. उन्हाचं झालं असन." शाम माहा पोरगा, पुन्याले असते. तो गेल्यापासून माहं दोन टाइमचं जेवन नंदाबाईच्याच घरी. मी ताक पेलो अन् गिलास परत देल्ला.

त्या दिवसापासून मले झोप नाई.  एक भेव होतं का पोरगी मरन. दुसरं भेव होतं का सांगतलं तं नंदाबाईचं काय होईन. अन् तिसरं, लाज वाटते सांगाले, माहं काय होईन हे भेव सगळ्यात मोठं होतं.

म्हनून मी पळवाटा शोधल्या. रागाच्या भरात एक दिवस बबितेच्या सायकलच्या दोन्ही चाकातली हवा सोडून देल्ली. साठी उलटलेला बुढा, काय ही अक्कल! तिनं दहा मिनिटात पंप मारला अन् शेजारच्या पोट्ट्याईले शिव्या हासडल्या. मी लिंबाखाली बसून ऐकत होतो.

मंग मी ऑटोत बसून फुलसावंगीले भगवानरावकडं गेलो. म्हनलं, बाप आहे, आपल्या पोरीले अडवन, अन् अर्पिता नाई गेली तं बबिता एकटी जानार नाई. भगवानराव वसरीत सोयाबीनच्या बियान्याच्या थैल्या मोजत होते. मले पाहून उठले, खुर्ची देल्ली.

मी म्हनलं, "भगवानरावभाऊ, पोरीईले तिकडं पाठवनं बरं नाई वाटत मले. बर्फाचं काम आहे."

ते हासले. "खेमसिंगभाऊ, मीबी नाईच म्हनलं होतं. चार दिवस घरात बोलचाल बंद होती. मंग अर्पिता म्हने, कागद खेमसिंगकाकानं तपासला, सगळं बेस आहे म्हनले. तवा मी म्हनलं, त्या रस्त्याचा मानूसच हाव म्हनते तं मी कोन अडवनारा? तुमच्या भरोशावर पाठवून राह्यलो."

 आतापर्यंत एकच पोरगी होती माह्या मानेवर, आता दोन झाल्या. "सकाळी ओलांडा म्हना त्याईले नाला," एवढंच कसंतरी बोललो. ते म्हने, "ते तुमीच सांगा ना, तुमचं ऐकतात." काय सांगू! सांगूनच तं बसलो होतो.

परत आलो तं ऊन कललं होतं. तांड्याखालच्या कोरड्या नाल्यात बबिता दिसली. सायकलवर दोन्ही बाजूनं रेतीच्या थैल्या बांधलेल्या, डोक्याले ओला दुपट्टा. अर्पिता मांगं दुसरी सायकल धरून उभी. बबितेनं सायकल तिच्या हाती देल्ली, लांब काठी घेतली अन् एक एक पाऊल टाकत नाल्यातून चालाले लागली. काठी टेकवे, थांबे, पाऊल टाके. पान्याचा थेंब नाई नाल्यात, अन् ही पानी असल्यासारखी चाले. तोंडानं गानं चालू.

"फूफा!" तिनं मले पाहून हाक मारली. "बापू हेच गानं म्हनत होता ना?"

मी काठावर उभा होतो, तिथंच खाली बसलो. मले ती दिसत नव्हती, तिचा बाप दिसत होता. पँट वर खोसलेला. मले ओरडाचं होतं, बाहेर निघ पोरी, बाहेर निघ.  मी दोन्ही हातानं माती घट्ट धरून बसून राह्यलो. ती पल्याड पोचली अन् अर्पितेले म्हने, "पाह्य, काही नाई त्याच्यात."

निघाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सकाळी नंदाबाईनं भोग लावाचं ठरवलं. आमच्यात मोठं काम असलं, लांब जानं असलं, का निखाऱ्यावर तूप अन् गोड लापशी टाकतात, सेवालाल महाराजाचं नाव घेतात अन् घरातलं मोठं मानूस अरदास करते, म्हनजे निघनाऱ्यासाठी मागनं मागते. नंदाबाई म्हने, "शामचे बापू, अरदास तुमी करा. त्या रस्त्यानं जाऊन आलेले तुमीच."

मी म्हनलं, "तांड्याच्या नायकाले बोलाव."

"नायक गेला का तिकडं? तुमीच करा."

अंगन सारवलेलं. मधोमध निखारे फुलवलेले. बबिता न्हाऊन आलती, केस ओले. अर्पिता तिच्या बाजूले डोक्यावर ओढनी घेऊन बसली. वसरीत दोन्ही सायकली बांधून तयार, अन् वरच्या पिशवीले तो कागद प्लास्टिकमंधी घालून अडकवलेला. नंदाबाईनं तुपाची वाटी माह्या हातात देल्ली.

मी निखाऱ्यावर तूप सोडलं. जाळ झाला. मी तोंड उघडलं. "सेवालाल महाराज, ह्या आपल्या पोरी..." पुढं काही सुचेना.  वाटीतलं तूप माह्या धोतरावर सांडत होतं.

नंदाबाईले वाटलं मले गहिवरून आलं. तिनं हळूच मले शब्द देल्ले. "म्हना, जसं धावजीले त्या नाल्यातून सुखरूप पार नेलं, तसं याईले ने."

आता विस्तवासमोर हे कसं म्हनू? म्हनून टाकलं असतं तं उद्या त्या दोघी सायकली घेऊन रेलगाडीत बसल्या असत्या. मी लापशीची थाळी बाजूले सारली.

"नाई नेलं," मी म्हनलं.

"काय?"

"धावजीले पार नाई नेलं. तो झोपेत नाई मेला नंदाबाई. नाल्यात मेला. चार वाजता, लख्ख उन्हात."

 बबिता माह्याकडं अशी पाहून राह्यली का मी दुसऱ्याच कोन्या भाषेत बोललो. मी थांबलो असतो तं पुन्हा बोलता आलं नसतं, म्हनून मी थांबलो नाई. सकाळचं आभाळ, तो पहाडी ड्रायव्हर, माहं शहानपन, ऊन, वाढतं पानी, सगळं सांगतलं. उतराची पाळी माही होती, हेबी सांगतलं. दगड सांगतला. पायरीवर ठेवलेला पाय सांगतला, अन् वर घेतलेला पाय सांगतला. सांगताना माहे दात वाजत होते, मे महिन्यात.

नंदाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिचा आवाज एकदम साधा होता, रोज 'भाजी वाढू का' इचारते तसा.

"ओरडले का ते?"

"हाव."

"काय म्हनले?"

"माहं नाव घेतलं. दोनदा."

"अन् तुमी गाडीत होते."

"हाव."

 मले वाटलं, आता नंदाबाई मारन. मारलं असतं तं बरं झालं असतं. ती म्हने, "माह्या हातचं जेवून राह्यले तुमी. रोज. मी म्हनो, शेवटपर्यंत त्याईच्या जवळ बसलेला मानूस आहे, त्याले उपाशी कसं ठेवू?" अन् उठून उंबऱ्यावर जाऊन बसली, आमच्याकडं पाठ करून.

अर्पिता रडत होती. बबिता रडली नाई. ती उठली, सायकलच्या पिशवीचा कागद काहाडला, पेन घेतला अन् माह्यासमोर येऊन बसली. मले वाटलं, फाडून टाकते का काय. तिनं कागद मांडीवर ठेवला.

"सकाळी सहा वाजता पानी किती होतं?"

"पोरी, तू जाऊ नोको आता..."

"मी काय इचारलं?" फूफा म्हनाली नाई ती. तिच्या आवाजाचं मले भेव वाटलं. "सहा वाजता किती होतं?"

"घोट्याले."

"सोताच्या डोळ्यानं पाह्यलं?"

"हाव. गाड्याईचं चाकबी नीट भिजत नव्हतं."

तिनं लिहिलं. "नऊ वाजता?"

"पोटरीले."

"बारा?"

"गुडघ्याले."

"चार?"

"मांडीले. पन पान्याचं सोड, दगड पाह्यजो. दगड मारतात."

तिनं तेबी लिहिलं. तिचं अक्षर कुठंच हाललं नाई. मी आपला एक एक गोष्ट आठवून आठवून सांगत गेलो, जसं कोनी झाडती घेऊन राह्यलं अन् मी खिसे उलटे करून दाखवून राह्यलो. ऊन कवा पडलं, पान्याचा रंग कवा बदलला, दगडाचा आवाज पहिल्यांदा कवा आला. एकोनीस वर्षं मी यातलं काहीच इसरलो नव्हतो. चढवून सांगतलं तेवढं खोटं, बाकी सगळं जसंच्या तसं होतं माह्यात.

"अन् सकाळची काच? अर्पिता म्हनते सायकल घसरते," बबितेनं इचारलं.

"काच असली तं सायकल हातात धरा, पायी चाला. पडलात तं हात मोडन. हात मोडल्यानं कोनी मरत नाई. नाल्याच्या आदल्या रात्री जवळच मुक्काम करा, अन् उजाडलं का निघा. आभाळ भरलेलं असलं तरी निघा. बर्फ पडत असला तरी निघा. ऊन पडाची वाट पाहू नोका. माही शप्पथ आहे." मंग माह्या ध्यानात आलं का माह्या शपथेची आता या घरात काय किंमत. मी खाली पाह्यलं. "अन् जास्तच बर्फ असला तं तिथूनच परत या. चौदा तारीख चुकली तं चुकली."

बबितेनं 'दुपारी चार' खोडलं. वर 'सकाळी सहा' लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं. मंग पुढच्या शब्दावर पेन ठेवून थांबली.

"सहा वाजता काठी घेऊन पुढं कोन उतरनार? मी का अर्पिता?"

"कोनीच नाई," मी म्हनलं. "सहा वाजता घोट्याएवढंच तं पानी असते. तळ दिसते. खोली पाहाले कोनी उतराचं कामच नाई. सरळ निघून जाचं."

 बबितेनं कागदावरून मान वर केली अन् उंबऱ्याकडं पाह्यलं. नंदाबाईनंबी ऐकलं होतं. तिनं मान वळवली नाई, तशीच पाठमोरी बसून ती बोलली.

"म्हनजे त्या सकाळी निघाले असते तं कोनालेच पान्यात उतरा लागलं नसतं."

"नाई," मी म्हनलं. "कोनालेच नाई."